चॉकची वडी उताणी का ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा: "सहा महिन्यांपासून पूल खेळतोय. परवा शॉटच्या आधी चॉक लावला आणि वडी टेबलाच्या कडेवर ठेवली, तर शेजारच्या टेबलावरचे एक ज्येष्ठ खेळाडू उठून आले, काही न बोलता त्यांनी ती उताणी करून ठेवली आणि परत गेले. मला ओशाळल्यासारखं झालं. चॉक कसा लावायचा, कुठे ठेवायचा याचे खरंच काही नियम आहेत, की ही नुसती जुन्या लोकांची सवय? आणि टेबल स्वच्छ ठेवायचं काम खेळणाऱ्यांचं की चालवणाऱ्यांचं?"

त्या गृहस्थांनी केलं ते बरोबरच. दोन शब्द समजावून केलं असतं तर तुम्हाला ओशाळं वाटलं नसतं, हेही खरं. मी २७ वर्षं खेळतोय आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं टेबलांची देखभालही माझ्याकडे आहे. कापड बदलणं, कुशन (टेबलाच्या कडेची रबरी पट्टी) तपासणं, बॉल धुणं, सगळं हातानं केलेलं आहे. म्हणून सांगतो, चॉकची शिस्त मानपानातून आलेली नाही. चॉकची पूड जिथे जाऊन बसते तिथे पुढचा कुणाचा तरी शॉट बिघडवते, आणि तो पुढचा खेळाडू पुष्कळदा आपणच असतो. ती पूड कुठून निघते आणि कुठे पोचते हे एकदा नीट कळलं, की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी ही वडी कशाची असते ते बघू. चॉक म्हटलं की फळ्यावरचा खडू डोळ्यासमोर येतो, आणि एके काळी खेळाडू खरोखरच खडू वापरत. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला चामड्याची टिप बसवण्याचं श्रेय फ्रान्सच्या फ्रांस्वा मिंगोला देतात, साल साधारण १८०७. चामडं आलं आणि पांढऱ्या बॉलला मधोमध न मारता खाली, वर, बाजूला मारून फिरकी देता येऊ लागली. पण बाजूला मारायचं तर टिप घसरता कामा नये, म्हणून तिच्यावर काहीतरी खरखरीत लावणं आलं. आज आपण वापरतो त्या वडीची सुरुवात १८९७ मध्ये झाली. विल्यम स्पिंक्स हा व्यावसायिक बिलियर्ड्सपटू आणि विल्यम हॉस्किन्स हा शिकागोचा रसायनतज्ज्ञ, या दोघांनी त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. तिच्यात खडू नव्हताच. सिलिका होती, आणि पुढे या वड्यांमध्ये कुरुंदाच्या जातीची पूड आली. कुरुंद म्हणजे धार लावायच्या चाकात असतो तोच. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० वर, तर कुरुंद ९ वर. तेव्हा तुमच्या हातातली निळी वडी ही रंग घातलेली, दाबून घट्ट केलेली पॉलिश पेपरची भुकटी आहे असंच समजा. पुढचं सगळं यावरून येतं.

टिप आणि बॉल एकमेकांना भिडतात तो वेळ जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात पकड बसली तर फिरकी, सुटली तर मिसक्यू, म्हणजे टिप घसरून फटका वाया. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर. टिप चांगली असेल, चॉक नीट लागलेला असेल, तर मध्यापासून साधारण १४ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, सुरक्षित मारता येतं. त्यापलीकडे कितीही चॉक फासला तरी टिप घसरणारच. नवीन खेळाडू मिसक्यू झाला की लगेच वडी उचलून जोरजोरात घासायला लागतात, ते याच गैरसमजातून. मिसक्यूचं कारण बहुतेक वेळा हात असतो, नाहीतर टिप गुळगुळीत झालेली असते. जाड थर दिल्यानं पकड वाढत नाही, थर फक्त उडतो.

आणि उडतो तो कुठे? दिव्याखाली एकदा मुद्दाम बघा. जोराच्या शॉटला टिपेपाशी निळसर धुराचा एक झोत दिसतो. त्यातली काही पूड पांढऱ्या बॉलवर ठिपका होऊन बसते, बाकीची खाली कापडावर. बॉल त्यावरून घरंगळले की ती उचलतात आणि टेबलभर वाटतात. जी उरते ती कापडाच्या विणीतून हळूहळू खाली झिरपते.

कापड बदलताना हे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं कधीच दिसत नाही. पिना काढायच्या, कडेचं कापड सोडवायचं आणि दोघांनी मिळून ते अलगद उचलायचं. वरून कापड बरं दिसत असतं, रंग थोडा विटलेला एवढंच. खाली करड्या स्लेटवर, म्हणजे टेबलाच्या दगडी फरशीवर, मात्र निळी पूड पसरलेली असते, तळव्यावर घेतली तर पिठासारखी मऊ लागते. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारायच्या जागी आणि कुशनच्या खाली ती सगळ्यात दाट. बोट फिरवलं की स्लेटवर रेघ उमटते. खाली ही पूड आणि वर रोज फिरणारे बॉल, या दोन्हींच्या मधे लोकरीचे धागे भरडले जातात. कापड वरून झिजतं तसं खालूनही झिजतं. रोज ब्रश फिरणाऱ्या टेबलाचं कापड आणि आठवड्यातून एकदा आठवण झाली तर झटकलेल्या टेबलाचं कापड, वापर सारखाच असला तरी काढताना हाताला वेगळं लागतं. दुसरं सहज फाटतं.

कापड महाग पडतं म्हणून काळजी घ्या, हे मालकानं सांगायचं झालं. खेळाडूला त्याहून मोठं कारण आहे. ते आहे पांढऱ्या बॉलवरचा ठिपका.

एका सामन्यात माझी शेवटची रॅक, म्हणजे शेवटचा डाव, चालू होती, नाइन-बॉलची. या प्रकारात नऊ नंबरचा बॉल घालेल तो रॅक जिंकतो. नऊ नंबरचा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटपासून हातभर अंतरावर, हलका कट (बॉलच्या बाजूला मारून त्याला वळवायचं), पांढरा बॉल जवळच. असा शॉट सरावात मी डोळे झाकून घेतो. त्याआधीच्या शॉटला बरंच खाली मारून पांढरा मागे खेचला होता. नऊ नंबर हळूच मारला. दोन बॉल भिडतात तेव्हा नेहमी 'टक्' असा कोरडा आवाज येतो, तो आलाच नाही. बसका, दबलेला आवाज आला, नऊ नंबर जाड, म्हणजे हवा त्यापेक्षा कमी वळून, निघाला आणि पॉकेटच्या जबड्यावर आपटून बाहेर राहिला. समोरच्यानं तो घातला. नंतर पांढरा उचलून बघितला तर त्यावर निळे ठिपके होते, एक चांगला तिळाएवढा.

स्नूकरवाले याला किक म्हणतात, पूलमध्ये क्लिंग किंवा स्किड. स्वच्छ बॉल एकमेकांवरून सहज घसरतात. नेमक्या भिडण्याच्या जागी चॉकचा कण आला की क्षणभर पकड बसते. पांढरा ज्या दिशेनं चाललेला असतो त्या दिशेला समोरचा बॉल थोडा ओढला जातो, म्हणजे कट कमी होतो. हळू शॉटला हे जास्त जाणवतं. समोरासमोरच्या शॉटला बॉल किंचित उडतो आणि त्याचा वेग मरतो. प्रत्येक किक चॉकमुळेच बसते असं नाही, पण आपल्या हातात असलेलं कारण हेच. म्हणून मी आता प्रत्येक रॅकच्या आधी पांढरा बॉल कोरड्या मऊ फडक्यानं पुसतो. रॅक चालू असताना फाउल झाल्यामुळे पांढरा हातात आला तर तेव्हाही पुसून घेतो. एरवी मधेच बॉलला हात लावायचा नाही, तो फाउल आहे. पंच असेल तर त्याला सांगावं, तो जागेवर खूण करून बॉल उचलतो, पुसतो आणि परत ठेवतो. स्नूकरमध्ये पंच पांढरे हातमोजे घालून हे करताना तुम्ही पाहिलं असेल.

आता चॉक लावायचा कसा. वडी टिपेवर ठेवून गरागरा फिरवू नका. तसं केलं की वडीच्या मधे खोल खड्डा पडतो, त्या खड्ड्याच्या कडा फेरूलला, म्हणजे टिपखालच्या पांढऱ्या पट्टीला, घासतात आणि टिपेची कड मात्र कोरडी राहते. आणि फिरकीच्या शॉटला कामाला येते ती टिपेची कडच. त्याऐवजी क्यू थोडा आडवा धरा, वडीची कड टिपेवरून हलकेच फिरवा, ओठांना लिपस्टिक लावतात तशी, आणि क्यू बोटांत वळवत टिपेची सगळी गोलाई पातळ थरानं झाका. मग टिप दिव्याच्या दिशेनं धरून एक नजर टाका. कुठे चामडं चमकतंय का? चमकत असेल तर तेवढ्याच जागी परत. चार-पाच हलके हात पुरतात.

कुणाला चॉक लावता येतो हे ओळखायचं असेल तर फेरूल बघा. ती पांढरी असेल तर माणूस जाणता आहे. निळी झालेली असेल, क्यूचा दांडाही वीतभर निळसर असेल, तर वडी गरागरा फिरते आहे आणि तीच पूड त्याच्या ब्रिजच्या, म्हणजे क्यूला टेकू देणाऱ्या, हातावरून कापडावर उतरते आहे.

आणि हे सगळं टेबलापासून एक पाऊल मागे सरकून करायचं. माझा सगळ्यात मोठा आग्रह हाच आहे. टेबलावर वाकून चॉक लावला तर प्रत्येक वेळी थोडी पूड थेट कापडावर पडते. टिपेवर फुंकर मारायची नाही. क्यूचा दांडा कुशनवर किंवा टेबलाच्या कडेवर ठोकून जादा चॉक झटकायचा नाही. क्यूचं टोक जमिनीकडे करून बोटानं एक टिचकी मारली की झालं. टिप गुळगुळीत झाली असेल, चॉक धरत नसेल, तर ती खरवडायलाही बाजूला जा, कारण तेव्हा चॉकबरोबर चामड्याचा भुगाही पडतो. शॉट मारण्याआधी चॉक लावावा, मारून झाल्यावर नको. पाळी संपवून बसायला जाताना चॉक लावत जाणारे असतात. त्यांची पूड वाटभर सांडते आणि पुढची पाळी येईपर्यंत टिप पुसलीही गेलेली असते.

वडी उताणी, म्हणजे खड्ड्याची बाजू वर करून ठेवायची. ती पालथी ठेवली की लाकडावर निळा चौकोन उमटतो. पूलमध्ये कडेवर हात टेकून ब्रिज करायची वेळ सारखी येते, आणि हात टेकतो तो नेमका तिथेच. तळव्याला लागलेला तो चौकोन पुढच्या शॉटला कापडावर छापला जातो, मग बाहीवर, मग पँटवर. शिवाय पालथी वडी खाली सरकली तर जाईल तिथे रेघ ओढत जाते. तुमच्या त्या ज्येष्ठ खेळाडूंनी वाचवला तो हा चौकोन.

खरं तर उताणी ठेवण्यापेक्षा वडी कडेवर न ठेवणंच उत्तम. आपली स्वतःची वडी बाळगा, लोहचुंबकवाल्या खोळीत घालून पट्ट्याला अडकवा, किंवा शेजारच्या छोट्या टेबलावर ठेवा. जागतिक पूल संघटनेच्या नियमांत चॉकचा उल्लेख नावानिशी आहे. बाहेर जाणारा बॉल कडेवरच्या चॉकला लागून टेबलावर परत आला, तरी तो बाहेर गेलेलाच धरतात. स्वतःचा चॉक वापरायची मुभा आहे, पण त्याचा रंग कापडाला साजेसा हवा. आणि टेबलावर खुणा करणं हे अखिलाडू वर्तन मानलं जातं. कुशनवरून बॉल फिरवायचा असताना कडेवर नेमक्या जागी वडी ठेवून तिच्यावर नेम धरणारे लोक मी पाहिलेत. काही जणांचा हेतू तसा नसतो, वडी तिथे राहून गेलेली असते. पण समोरच्याला ते कसं कळावं? वडी कडेवर नसली की प्रश्नच उरत नाही.

रंगाचं सांगायचं तर हिरव्या कापडावर हिरवा, निळ्यावर निळा, एवढं पाळलं तरी पुरे. डाग कमी दिसतो म्हणून पूड कमी पडते असं मात्र नाही. गेल्या काही वर्षांत फिनलंडच्या टाओमसारखे कमी पूड सांडणारे चॉक आलेत आणि किक कमी बसतात म्हणून स्नूकरच्या अनेक व्यावसायिक खेळाडूंनी ते स्वीकारलेत. मीही असाच चॉक वापरतो. बॉल बराच काळ स्वच्छ राहतो, हा माझा अनुभव. नुसता खेळायला आनंद म्हणून येणाऱ्यानं त्यासाठी घाई करायची गरज नाही. साधी वडी नीट लावली तरी खूप फरक पडतो.

चॉकखेरीजच्या गोष्टी भराभर सांगतो. हात घामट होत असतील तर पावडर नको, तीन बोटांचा हातमोजा घ्या. पावडर चॉकपेक्षा वाईट पसरते आणि तिचे पांढरे पंजे कापडावर दिवसभर दिसतात. पेला टेबलाच्या कडेवर कधीच नाही. तेलकट बोटांनी बॉल रॅक करायचे, म्हणजे डाव मांडायला रचायचे, नाहीत. कडेवर बसायचं नाही, त्यानं कुशनचे बोल्ट सैल होतात. रॅक बसवताना बॉल वरून ठोकायचे नाहीत, कापडात खळगे पडतात. ब्रेकच्या सरावात पांढऱ्याखाली कापडाचा छोटा तुकडा ठेवा, म्हणजे घर्षणानं भाजल्यासारखे पांढरे ठिपके पडत नाहीत. काही सांडलंच तर लगेच कोरडं फडकं दाबून टिपून घ्या, घासू नका.

आता सफाई. पूलचं कापड बहुधा वर्स्टेड असतं, म्हणजे पिळदार धाग्यांचं, वर लव नसलेलं. आधी मऊ ब्रशानं कुशनच्या खालची फट साफ करा, कारण पूड तिथेच दडते. मग टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, एकाच दिशेनं हात मारा. मागेपुढे किंवा गोल फिरवलं तर पूड विणीत आणखी आत जाते. शेवटच्या टोकाला जमलेली पूड पॉकेटात ढकलू नका. व्हॅक्यूमनं उचला, तोंड मऊ आणि सपाट हवं, फिरता ब्रश नको, ओढ कमी हवी. स्लेट बहुधा तीन तुकड्यांची असते आणि सांधे मेणानं किंवा पुट्टीनं भरलेले असतात, तिथे जोराची ओढ देऊ नये. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, घट्ट पिळून जेमतेम दमट राहिलेलं मायक्रोफायबरचं फडकं एका दिशेनं फिरवलं तर ब्रशाला न सापडलेली पूड वर येते. फडक्याचा रंग बघून चकित व्हाल. त्यानंतर कापड पूर्ण सुकेपर्यंत खेळायचं नाही.

स्नूकरच्या कापडाला यातलं पाणी चालत नाही. त्याच्यावर लव असते आणि ती एका दिशेनं झोपलेली असते, बॉकच्या, म्हणजे जिथून खेळ सुरू करतात त्या, बाजूकडून काळ्या बॉलच्या बाजूकडे. ब्रश त्याच दिशेनं, मग कोमट इस्त्रीही त्याच दिशेनं. उलटा हात मारला तर लव उभी राहते आणि हळू बॉल भरकटतो.

बॉल धुणं सोपं आहे, तरी सगळ्यात दुर्लक्षित. आजचे चांगले बॉल फेनोलिक रेझिनचे असतात. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, आणि लगेच कोरडे पुसायचे. घासणी किंवा खरखरीत पावडर नको, पृष्ठभागावर चरे पडले की पूड त्यात अडकून बसते. फर्निचर चमकवायचा सिलिकॉनचा फवाराही नको. बॉल छान चमकतात, पण इतके निसरडे होतात की कटचा अंदाज चुकतो, आणि तो थर जसजसा उतरतो तसतसा अंदाज रोज बदलतो. बॉल धुवून मळक्या कापडावर ठेवले तर दोन रॅकमध्ये पुन्हा मळतात, म्हणून आधी कापड, मग बॉल.

हे काम कुणाचं? व्हॅक्यूम, धुणं, इस्त्री ही चालवणाऱ्यांची कामं. पण दिवसभरातली पूड पडते ती आपल्या हातून, आणि ती पडल्यापासून रात्रीच्या सफाईपर्यंत दहा-पंधरा जण त्याच टेबलावर खेळून जातात. म्हणून मी टेबल सोडताना ब्रशाचे आठ-दहा सरळ हात मारतो, पांढरा बॉल पुसतो, वडी कडेवरून उचलतो. मिनिटभर लागतं. माझ्याबरोबर खेळणाऱ्या पोरांना मी हे कधी सांगत बसलो नाही. तीन-चार दिवस बघून त्यांनी आपणहून ब्रश हातात घेतला. कुणी पालथी वडी ठेवली तर चारचौघांत टोकत नाही, रॅक संपल्यावर त्याला कडेवरचा निळा चौकोन दाखवतो. चौकोन बघितला की पुढचं सांगावं लागत नाही.

तुम्ही एक करा. पुढच्या खेपेला ते गृहस्थ दिसले की त्यांचा क्यू जवळून बघायला मागा आणि फेरूल पाहा. पांढरी असेल, माझी खात्री आहे. मग त्यांना त्यांच्या हातानं एकदा चॉक लावून दाखवायला सांगा. वडी कशी धरतात आणि क्यू कुठल्या बोटांनी वळवतात, तेवढंच नीट बघा.